भय कानांनीं येतें

भुताखेतांच्या गोष्टी पूर्वी कोणी वाचीत नसे. त्या सांगितल्या जात व ऐकल्या जात. दिवा मंद असावा, पोरांनीं आजीला बिलगून बसावें, आणि गोष्टींतल्या दारावर थाप पडण्याच्या वेळींच बाहेर ओसरीवर कांहींतरी खट्‌कन वाजावें, असा प्रसंग आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कोणाना कोणाच्या आठवणींत असेलच. पुढें गोष्ट छापली जाऊं लागली, ती डोळ्यांच्या स्वाधीन झाली, आणि भयकथेचा वाचक एकटा पडला. या वेळीं ज्या कृतीचा परिचय करून द्यावयाचा आहे, तिनें ही गोष्ट डोळ्यांकडून काढून पुन्हां कानांच्या हवालीं केली आहे. ती कृति पुस्तक नाहीं. इंग्लंडांत १९७६ सालीं निघालेली ती एक तबकडी आहे. तिचें नांव ‘टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन’, म्हणजे गूढाच्या आणि कल्पनेच्या कथा. आणि ती काढणाऱ्या मंडळीचें नांव ‘दि ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट’. अमेरिकन कवि व कथाकार एडगर ॲलन पो (१८०९–१८४९) याच्या कथा-कवितांवर ती आधारलेली असून, पोच्या मृत्यूनंतर निघालेल्या त्याच्या कथासंग्रहांना जें नांव देत असत तेंच तिलाहि दिलेलें आहे.

‘रॉक’ हा शब्द उच्चारतांच घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आंठी पडते, हें आम्ही जाणून आहों. त्या संगीताचा बराचसा भाग निव्वळ गोंगाट असतो हें त्यांचें म्हणणेंहि आम्ही सर्वस्वीं खोडून काढीत नाहीं. परंतु १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांतील कांहीं तरुणांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला, आणि त्यांनीं या संगीताला निराळें वळण दिलें. एकेक रचना पंधरा-वीस मिनिटें चालावी, गिटार आणि तालवाद्यांच्या जोडीला व्हायोलिनांचा सबंध ताफा बसावा, आणि एका तबकडीवरील सारीं गाणीं एकाच विषयसूत्रांत ओवलीं जावीं, असा त्यांचा आग्रह होता. या पंथाला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. त्यांत आडंबर पुष्कळ झालें, तरी कांहीं कृति मात्र टिकाऊ निपजल्या. प्रस्तुत तबकडी त्यांपैकीं एक होय असें आमचें मत आहे.

ती निर्माण करणारे दोघेहि त्या वेळीं गायक किंवा वादक म्हणून प्रसिद्ध नव्हते, हें विशेष आहे. ॲलन पार्सन्स हे लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत काम करणारे मुद्रक. बीटल्सच्या अखेरच्या काळांत ते तेथें उमेदवारी करीत होते, आणि पिंक फ्लॉइड या मंडळीची १९७३ ची ‘दि डार्क साइड ऑफ दि मून’ ही सुप्रसिद्ध तबकडी त्यांच्याच हातून मुद्रित झाली. तींत एके ठिकाणीं अनेक घड्याळें एकदम टोले देऊं लागतात; ते आवाज जुन्या घड्याळांच्या दुकानांत जाऊन पार्सन्स यांनींच टिपून आणले होते. दुसरे एरिक वुल्फसन हे ग्लासगोचे. गीतें रचणें व कलावंतांचे व्यवहार पाहणें हा त्यांचा उद्योग, आणि पोचें वेड मूळ त्यांचें. चित्रपट जसा नटाच्या नांवाइतकाच दिग्दर्शकाच्या नांवावर ओळखला जातो, तशी तबकडीहि तिच्या निर्मात्याच्या नांवावर कां ओळखली जाऊं नये, असा वुल्फसन यांचा विचार होता. म्हणून त्यांनीं ठराविक असा गायक ठेवलाच नाहीं. प्रत्येक कथेला शोभेल तो कंठ त्यांनीं बाहेरून आणला, आणि वाद्यवृंदाची रचना अँड्र्यू पॉवेल यांजकडे सोंपविली.

आतां पोचीच निवड कां, हा प्रश्न. आम्हांस असें वाटतें कीं, ही निवड वरवर दिसते त्याहून फार खोल आहे. पोच्या या कथा काळजीपूर्वक वाचून पाहाव्या, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: त्यांतील भय बहुतेक प्रत्येक वेळीं कानाच्या वाटेनें आंत शिरतें. ‘दि रेव्हन’ (१८४५) या काव्याचा आरंभ मध्यरात्रीं दारावर झालेल्या टकटकीनें होतो. ‘दि टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेंतील खुनी आपली श्रवणशक्ति विलक्षण तीव्र असल्याचें प्रारंभींच सांगतो, आणि शेवटीं जमिनीच्या फळ्यांखालून येणाऱ्या ठोक्यांनीं तो उघडा पडतो. ‘दि कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६) मध्यें एक सूडबुद्धीचा गृहस्थ आपल्या मित्राला तळघराच्या भिंतींत जिवंत चिणतो. त्या मित्राच्या अंगावर जत्रेंतल्या विदूषकाचा वेष असतो, आणि भिंत पुरी होत आल्यावर आंतून शेवटचा आवाज येतो तो त्याच्या टोपीच्या घुंगुरांचा. असल्या कथा कागदावरून उचलून नादांत आणणें म्हणजे त्यांवर बाहेरून दागिने चढविणें नव्हे. त्यांच्यांत जें दडलेलें होतें तेंच मोकळें करणें होय.

परंतु येथेंच एक मोठी अडचण उभी राहते, आणि या तबकडीचें यशापयश तिच्यावरच ठरतें. खुनी मनुष्याला तें हृदय खरोखर ऐकूं येत होतें काय? समोर बसलेले पोलीस शांतपणें गप्पा मारीत असतात; त्यांना कांहीं ऐकूं येत असल्याचें चिन्ह नाहीं. तो नाद प्रेताचा, कीं अपराधी मनाचा, कीं स्वतःच्याच छातीचा, हें पो सांगत नाहीं, आणि न सांगण्यांतच त्याची सारी करामत आहे. कागदाला आवाज नसल्यामुळें ही संदिग्धता तेथें सहज राखतां येते. तबकडीवर मात्र जें वाजेल तें सर्वांनाच ऐकूं येणार! मग पोलिसांना ऐकूं न आलेला नाद आपणांस ऐकूं आल्यावर गूढ उरलें कोठें?

पार्सन्स-वुल्फसन यांनीं या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक कथेंत निराळें दिलें आहे. ‘टेल-टेल हार्ट’ हें गाणें त्यांनीं आर्थर ब्राऊन यांच्याकडून गाऊन घेतलें. हे गृहस्थ डोक्यावरील शिरस्त्राणाला आग लावून रंगभूमीवर येण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि त्यांचा गळाहि त्याच जातीचा आहे. तो किंचाळत सुरूं होतो आणि क्वचितच शांत होतो. येथें कथेंतला खुनीच आपल्यापुढें उभा राहून बोलतो, आणि मागचा ठेका आपण त्याच्या कानांनीं ऐकतों. श्रोता पोलिसांच्या बाजूला बसत नाहीं, अपराध्याच्या डोक्यांत जाऊन बसतो. युक्ति चांगली आहे. परंतु मूळ कथेंतील खुनी आपण किती शांत व किती शहाणे आहों हें पटवीत असतो, आणि भीति वाटते ती त्या शांतपणाची. ब्राऊन यांचा खुनी पहिल्या क्षणापासून वेडा आहे. म्हणून हें गाणें जोरकस खरें, परंतु आमच्या दृष्टीनें या तबकडींतील पहिल्या प्रतीचें नव्हे.

‘दि रेव्हन’ मात्र अपूर्व साधलें आहे, आणि त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. १८४६ सालीं पोनें आपण हें काव्य कसें रचिलें याविषयीं एक निबंध लिहिला. त्यांत तो म्हणतो कीं, आपण प्रथम परिणाम ठरविला, मग पालुपद असावें हें ठरविलें, आणि मग त्या पालुपदाचा नाद ठरविला. दीर्घ ‘ओ’ हा सर्वांत घुमणारा स्वर आणि ‘र’ हें सर्वांत लांबवितां येणारें व्यंजन, म्हणून ‘नेव्हरमोर’, म्हणजे पुन्हां कधींहि नाहीं, हा शब्द आला. हा एकच शब्द पुन्हां पुन्हां उच्चारावयाचा, तर बोलणारा मनुष्य असून चालणार नाहीं. म्हणून अगोदर पोपट सुचला, व नंतर त्या जागीं काळा डोमकावळा आला. हा सारा वृत्तांत खरा मानावा कीं नाहीं याबद्दल टीकाकारांत मतभेद आहेत. खुद्द आम्हांसहि तो जरा जास्तच हिशेबी वाटतो. परंतु त्यांतील मर्म खरें आहे. त्या पक्ष्याला आपण काय बोलतों हें कळत नाहीं. कोणा धन्याकडून त्यानें एक शब्द उचललेला आहे, एवढेंच. त्या पोकळ शब्दांत अर्थ भरतो तो प्रियेच्या मरणानें व्याकुळ झालेला विद्यार्थी. तो मुद्दाम असे प्रश्न विचारतो कीं, त्या ठराविक उत्तरानें आपलेंच काळीज चिरलें जावें.

आतां तबकडींत काय केलें आहे पाहा. गाण्याच्या प्रारंभीं पार्सन्स यांचा स्वतःचा आवाज आहे, पण तो ‘व्होकोडर’ नांवाच्या यंत्रांतून गाळून घेतलेला आहे. हें यंत्र बोलणाऱ्याच्या आवाजाचे निरनिराळ्या उंचीच्या पट्ट्यांत तुकडे करतें, प्रत्येक पट्टीचा जोर किती आहे हें मोजतें, आणि तोच चढउतार एखाद्या वाद्याच्या स्वरावर उमटवितें. परिणामीं शब्द स्पष्ट ऐकूं येतात, पण ते बोलणारा मनुष्य नाहींसा होतो. जणूं वाद्यालाच वाचा फुटली आहे. रॉक-संगीतांत या यंत्राचा उपयोग करणाऱ्या अगदीं पहिल्या गाण्यांत याची गणना होते. ज्याला अर्थ कळत नाहीं अशा कंठांतून निघालेला मानवी शब्द हीच त्या डोमकावळ्याची व्याख्या नव्हे काय? यंत्राचें नावीन्य दाखविण्यासाठीं यंत्र आणणारे पुष्कळ असतात. येथें तें कवितेच्या गाभ्यांतून आलेलें आहे. पुढें लेनर्ड व्हायटिंग यांचा कोंवळा, मानवी आवाज त्याला येऊन मिळतो. १९६८ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या चित्रपटांतील रोमिओ तो हाच. यंत्र आणि मनुष्य यांच्या त्या अंतरांत विद्यार्थ्याचें दुःख न सांगतां कळतें.

‘अमाँटिलाडो’ची युक्ति याच्या उलट आहे. जॉन माइल्स यांनीं गाइलेली ही चाल इतकी गोड आहे कीं, शब्द न कळणाऱ्यानें ती अंगाई म्हणूनहि ऐकावी. मित्राला गोड बोलून, उंची मद्याचें आमिष दाखवून पायरी पायरीनें खालीं नेणारा तो मारेकरीहि असाच मधुर बोलत असतो! ‘डॉक्टर टार अँड प्रोफेसर फेदर’ ही वेड्यांच्या इस्पितळाची हास्यकथा आहे. तेथें वेडेच रखवालदार होऊन बसतात. तिच्यावरचें गाणें ठसकेबाज आहे, आणि अमेरिकेंत सुटें निघालें तेव्हां तेथील यादींत तें ३७ व्या क्रमांकापर्यंत चढलें. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं.

मध्येंच एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. घरांतील सोळा-सतरा वर्षांचीं मुलें कानांत यंत्रें घालून असलें कांहीं ऐकत बसतात, आणि तें भुताप्रेतांचें व खुनाखुनीचें आहे असें कळल्यावर वडिलांना काळजी वाटते. त्यांना आमचें सांगणें असें कीं, वर आलेल्या कथांत भूत असें एकहि नाहीं. अपराध आहे, शोक आहे, सूड आहे. आणि हीं तिन्ही, माणसानें आंत कोंडून ठेवल्यावर, बाहेरून आल्यासारखीं ऐकूं येऊं लागतात. पोचें अलौकिक तें बहुधा असें असतें. त्याच्या आयुष्यांत मरणें फार होतीं. तीन वर्षांचा होण्यापूर्वींच त्याची आई गेली, आणि पत्नी व्हर्जिनिया १८४७ मध्यें क्षयानें वारली. करमणुकीखातर भुतें नाचविणाऱ्यांपैकीं तो नव्हता. मुलानें हीं गाणीं ऐकून मूळ कथा मागितली, तर ती काढून द्यावी, व शक्य तर त्याच्याबरोबर बसून वाचावी.

दुसरी बाजू जवळजवळ सगळी ‘दि फॉल ऑफ दि हाऊस ऑफ अशर’ या १८३९ सालच्या कथेला दिलेली आहे. हीच या तबकडीची खरी मिरास. जुन्या, तडा गेलेल्या वाड्यांत रॉडरिक अशर व त्याची बहीण मॅडेलिन हीं दोघेंच उरलेलीं आहेत. रॉडरिकचीं सर्व इंद्रियें रोगट तीक्ष्ण झालीं आहेत; तंतुवाद्यांचे कांहीं मोजके स्वर सोडले, तर कोणताहि आवाज त्याला सहन होत नाहीं. बहीण मेली असें समजून तिला तळघरांत ठेवतात. पुढें एका वादळी रात्रीं, घाबरलेल्या रॉडरिकचें मन रमविण्यासाठीं त्याचा मित्र एक जुनी वीरकथा मोठ्यानें वाचूं लागतो. वीर दार फोडतो असें वाचावें, तों वाड्यांत दूर कोठेंतरी लाकूड मोडल्याचा आवाज. राक्षसी सर्पाची किंकाळी वाचावी, तों खरीच किंकाळी. ढाल खालीं पडावी, तों धातूचा खणखणाट. वाचणारा थांबतो. रॉडरिक सांगतो कीं, आपण कित्येक दिवसांपासून तिची हालचाल ऐकत होतों, पण बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. बहीण जिवंत पुरली गेली होती.

मोठ्यानें वाचण्याची आणि ऐकण्याची याहून भयंकर कथा आम्हांस ठाऊक नाहीं. फ्रेंच संगीतकार देब्युसी हे सुमारें १९०८ पासून हिच्यावर संगीतिका रचीत होते. १९१८ मध्यें ते वारले तेव्हां ती अपुरीच राहिली. तबकडींतील प्रस्तावनेंत त्या अपुऱ्या कृतीचा मागोवा घेतलेला आहे. १९७६ च्या मूळ मुद्रणांत या सबंध पंधरा-सोळा मिनिटांत एकहि शब्द नाहीं. प्रस्तावना वाद्यवृंदाची, संथ व धुक्यासारखी. मग पाऊस व मेघगर्जना, आणि ऑर्गनच्या साथीनें मित्राचें आगमन. पुढें ‘पावान’ नांवाचा भाग लागतो. पावान हें युरोपांतील जुन्या दरबारी नृत्याचें नांव. येथें वाद्यें आहेत तीं मुख्यतः छेडलेल्या वा टिपऱ्यांनीं वाजविलेल्या तारांचीं. आपल्या संतूराच्या कुळांतलें ‘सिंबालॉम’ त्यांत आहे. म्हणजे रॉडरिकला जेवढे स्वर सोसत होते, तेवढेच आपणांस ऐकविले जातात! शेवटीं वाडा कोसळतो तो एका मिनिटाच्या आंत, वाद्यवृंदाच्या एका बेसूर कल्लोळांत. पोनेंहि त्याला कांहीं ओळींपलीकडे जागा दिलेली नाहीं.

आतां वादाचा मुद्दा. १९८७ सालीं पार्सन्स यांनीं या कृतीची नव्यानें मिळवणी केली. गिटारचे कांहीं तुकडे भरले, त्या दशकाच्या आवडीप्रमाणें घुमारा वाढविला, आणि दोन ठिकाणीं, आरंभीं व ‘अशर’च्या प्रारंभीं, ऑर्सन वेल्स यांचें निवेदन घातलें. वेल्स १९८५ मध्येंच निवर्तले होते. निवेदन त्यापूर्वीं मुद्रित होऊन पडलेलें होतें. त्यांच्या आवाजाची थोरवी सांगावयास नको. १९३८ सालीं मंगळावरील स्वारीची कथा नभोवाणीवर बातम्यांच्या थाटांत सादर करून अमेरिकेंत खळबळ उडविणारे ते हेच. येथें ते कथा सांगत नाहींत. पोच्या गद्य लेखनाच्या आधारें जुळविलेलें चिंतन वाचतात. पुढें कित्येक वर्षें बाजारांत सामान्यतः हीच आवृत्ति मिळत असे.

कर्त्याला आपली कृति बदलण्याचा हक्क आहे, हें आम्ही मान्य करतों. निवेदनाच्या बाजूनें एक सबळ युक्तिवादहि करतां येईल: ‘अशर’च्या मूळ कथेंत अगोदर मोठ्यानें वाचन होतें व मग आवाज येतात, तेव्हां येथेंहि अगोदर वाचन झालें तर काय बिघडलें? बिघडलें तें असें. कथेंतला मित्र जी वीरकथा वाचतो तिचा त्या घराशीं कांहींएक संबंध नसतो. शब्द भलतीकडे चाललेले असतात, आणि खालून येणारा नाद त्यांना पकडतो. अंगावर कांटा येतो तो त्या अकल्पित जुळणीनें. वेल्स यांचे शब्द मात्र गूढाविषयींच गंभीरपणें बोलतात आणि श्रोत्याला नीट बसवून देतात. हरदासबुवांनीं आख्यान लावण्यापूर्वीं निरूपण करावें हें ठीकच, कारण तेथें श्रोत्याला बोध व्हावयाचा असतो. भयाला निरूपण मानवत नाहीं. प्रारंभीचें निवेदन आम्ही एक वेळ चालवून घेऊं. ‘अशर’च्या दारांतलें मात्र तेथें नको होतें. घुमाऱ्याविषयींहि आमची तक्रार हीच आहे: १९७६ च्या मुद्रणांत वाद्यांच्या भोंवतीं जी कोरडी शांतता होती, ती भरून निघाली, आणि त्या शांततेंतच ऐकणाऱ्याचा कान ताणला जात होता.

सुदैवानें २००७ सालीं दोन्ही रूपें एकत्र प्रसिद्ध झालीं, तेव्हां ज्याला तुलना करावयाची त्याला ती घरबसल्या करतां येते. अगोदर कथा वाचाव्या, निदान ‘अशर’ तरी. ‘सौभद्र’ पाहावयास जाणाऱ्याला सुभद्रेचें लग्न कोणाशीं होणार हें ठाऊक असतें म्हणूनच पदांची गोडी लागते. तसेंच येथेंहि आहे, कारण ही तबकडी कथा सांगत नाहीं, माहीत असलेली कथा ऐकविते. मग १९७६ चें मुद्रण ऐकावें, आणि १९८७ चें दुसऱ्या दिवशीं.

वुल्फसन यांनीं पुढील तबकड्यांत कांहीं गाणीं स्वतः गाइलीं, आणि त्यांतलीं दोन-तीन जगभर गाजलीं. पण पो त्यांना सोडीना. २००३ मध्यें त्यांनीं पोच्या कथांची आणखी एक तबकडी काढली, या खेपेस पार्सन्स यांच्यावांचून. पोच्या चरित्रावर त्यांनीं एक संगीत नाटकहि रचिलें होतें. तें जर्मनींतील हाले या शहरीं २००९ मध्यें रंगभूमीवर आलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वुल्फसन लंडन येथें वारले.